काळ्या हिरड्या

"अहो मॅडम, मिश्री लावता का?"

आमच्या साहेबांनी हे सगळ्या टीमसमोर विचारलं. कंपनीच्या माहितीपत्रकासाठी फोटो काढणं चाललं होतं. फोटोवाला म्हणाला, हसा. मी हसले. मनापासून हसले, कारण काही महिन्यांनी येणाऱ्या परदेशी क्लायंटसमोर बोलायला त्याच आठवड्यात माझी निवड झाली होती. साहेब कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावले आणि मग माझ्याकडे वळले.

"नाही सर," मी म्हणाले.

"मग तंबाखू? नाही, तुमच्याकडे बायकाही खातात, म्हणून विचारलं."

तुमच्याकडे. म्हणजे कुठे? चंद्रपूरकडे? की माझ्या आडनावाकडे? टीममधले दोघं फिसकन हसले. बाकीचे मोबाइलमध्ये बघत राहिले. साहेबांनी मला मागच्या रांगेत उभं केलं.

"आपण तोंड मिटून हसा. तेही छान दिसतं."

माझ्या हिरड्या काळ्या. लहानपणापासूनच. आईच्याही तशाच. वडील वीजकेंद्रात कामगार. आम्ही बौद्ध. घरात एकच ध्यास, पोरीनं शिकायचं. मी शिकले, इंजिनिअर झाले, पुण्यात आले. हिरड्यांचा रंग हा कुणी बघायचा विषय असतो, हे मला इथे कळलं.

त्या दिवसापासून बोलताना हात तोंडावर जायला लागला. सकाळी मिठानं हिरड्या घासायचे. मग सोडा. मग लिंबू. रक्त यायचं. चूळ भरून परत आरशात बघायचे. काळं ते काळंच. खोलीवरच्या मुली बाथरूमचं दार वाजवायच्या आणि मी आत नळ सोडून रडायचे. एकदा हिरडी खरवडायला ब्लेडही हातात घेतलं होतं.

शेवटी सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी तोंडात आरसा घातला आणि विचारलं, "मिश्री कधीपासून?"

"कधीच नाही."

"डॉक्टरांपासून लपवू नये."

माझं 'नाही' कुणाला ऐकूच जात नव्हतं. ते म्हणाले, वरचा थर खरवडून काढता येतो, खालून गुलाबी येतं. हे काळं कशामुळे, ते त्यांनी सांगितलं नाही. विचारण्याइतकं त्राण माझ्यात नव्हतं. मी फक्त मान डोलावली.

भूल उतरली तेव्हा तोंडात निखारा ठेवल्यासारखं झालं. कित्येक दिवस थंड दूध आणि पेज. पण हिरड्या गुलाबी झाल्या. साहेब म्हणाले, "आता कसं! आता आमच्यातल्या वाटता."

मी "थँक्यू सर" म्हणाले.

सुट्टीत घरी गेले. आई दारात आली, मला बघून हसली, माझ्या गुलाबी हिरड्या तिला दिसल्या आणि तिनं एकदम पदर तोंडावर घेतला. माझी आई. मोर्चात सगळ्यांत पुढे उभी राहून घोषणा देणारी. जेवताना तिनं हळूच विचारलं, "बाई, माह्याबी काढून देतात का वं? तुह्या हापिसातले लोकं आले कधी, तं तुले लाज नको वाटाले."

मी हातातला घास ताटात परत ठेवला. साहेबांचा तो प्रश्न मी चंद्रपूरपर्यंत वाहून आणला होता. आईच्या ताटापर्यंत.

पुण्याला परतले. काही महिन्यांत दातांच्या मुळाशी काळे ठिपके उगवले. मी हादरले. दुसऱ्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी ऐकून घेतलं. लहानपणापासून आहे का, घरात आणखी कुणाच्या आहेत का, औषधं कुठली, सिगारेट वगैरे. मग म्हणाल्या, "हा आजार नाही हो. कातडीला जे द्रव्य रंग देतं, तेच हिरड्यांतही असतं. खरवडलं तरी बरेचदा परत येतं. हां, एखादा नवाच डाग आला, वाढायला लागला, तिथून रक्त आलं, तर लगेच दाखवा. हे मात्र तुमचं तुमचंच आहे."

दोन मिनिटांचं बोलणं. एवढंही मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पायऱ्या उतरताना मला पहिल्या डॉक्टरांचा संताप येत होता.

क्लायंट येणार होता त्याच्या आदल्या आठवड्यात टीमची मीटिंग होती. साहेब मध्येच थांबले.

"ते डाग परत आलेले दिसतात. पाहुणे यायच्या आत एकदा साफ करून घ्या."

मी तोंडावरचा हात खाली घेतला.

"सर, हा माझा रंग आहे. माझ्या आईचा आहे. माझ्या कामात चूक असेल तर दाखवा. माझ्या तोंडात बघायचं नाही."

"अहो, एवढं मनाला काय लावून घेता? तुमच्याच भल्यासाठी..."

"माझं भलं मी बघते."

संध्याकाळपर्यंत माझं प्रेझेंटेशन दुसऱ्याकडे गेलं. वर्षअखेरीला शेरा मिळाला: स्वभाव तापट. जेवायला शेजारी बसणारीसुद्धा टेबल बदलून बसू लागली.

राजीनामा द्यावासा रोज वाटतो. देणार नाही. आमच्याकडची पुढची मुलगी इथे येईल, तिलाही कुणीतरी सगळ्यांसमोर विचारेल, आणि सगळे मोबाइलमध्ये बघतील. त्या वेळी मी त्या खोलीत असणार आहे. आणि मी गप्प बसणार नाही.