आत्याच्या वावराची खोडलेली ओळ

आधीच सांगतो, मी असले अनुभव लिहिणारा माणूस नाही. आमच्या आळीत एका काकूंच्या अंगात यायचं. सगळे हात जोडून उभे असायचे आणि मी आठ वर्षांचा कार्टा म्हणालो होतो, "काकू, आधी चहा घ्या." वडिलांनी तिथल्या तिथे कानाखाली काढली. पुढे डिप्लोमा केला, कॉम्प्युटर शिकलो. प्रोग्रॅममध्ये जे लिहिलेलं नाही ते मशीन करत नाही, यावर माझी आजही श्रद्धा आहे. म्हणूनच ही गोष्ट मला इतकी वर्षं छळते आहे...

९९ सालची गोष्ट. नारायणगावात एसटी स्टँडमागे, खतांच्या दुकानाच्या वर माझा क्लास होता. एक मशीन आणि त्याला वायरीने जोडलेले दोन जुने टर्मिनल — म्हणजे नुसती काळी स्क्रीन आणि कीबोर्ड. माऊस नाही, चित्रं नाहीत. त्यावर मजकूर लिहायला मी स्वतः एक एडिटर बनवला होता. माज होता हो मला त्याचा! अक्षरं इंग्रजीच उमटायची, मराठीही त्यातच लिहायचं.

त्यातल्या दोन गोष्टी नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमची वायर भिकार होती, त्यामुळे स्क्रीनवर मधेच कचरा उमटायचा, कधी पुसलेली ओळही तशीच दिसत राहायची. म्हणून मी एफ-५ बटण ठेवलं होतं. ते दाबलं की स्क्रीन पूर्ण पुसली जायची आणि मशीनच्या मेमरीत खरोखर जे आहे तेवढंच पुन्हा उमटायचं. दुसरं बटण एफ-९, म्हणजे अनडू. चुकून खोडलेलं परत आणायचं. वीस पायऱ्या मागे जाता यायचं आणि किती पायऱ्या शिल्लक आहेत ते खाली कोपऱ्यात आकड्यात दिसायचं. पण हे सगळं फाइल उघडी असेपर्यंतच. बंद केली की मशीन विसरलं. पुन्हा उघडा, आकडा शून्य. शून्य म्हणजे मागे जायला काहीच नाही.

आता हौसाआत्या. वडिलांची थोरली बहीण. डिंभ्याकडे दिली होती, तिचं गाव धरणात गेलं. नवरा त्याच्याही आधी, अगदी तरणाताठा असताना गेला. मूलबाळ नाही. त्यामुळे तिची सगळी माया आमच्यावर, आणि सगळ्या शिव्याही. लहानपणी जत्रेत माझ्या बहिणीला खेळणं घेताना दुकानदाराला म्हणायची, "ते द्या, बोटानं गरगर फिरवत्यात ते." दुकानदार नाव विचारायचा, तर ही नुसती बोट दाखवायची. आम्ही खी खी हसायचो.

बाजाराच्या दिवशी ती जीपने यायची, फडक्यात भाकरी-ठेचा घेऊन. माझ्या क्लासात बसून पोरींचं टाइपिंग बघायची. एकदा मी तिला एफ-९ दाखवलं. ओळ खोडली, परत आणली. आत्या चाटच पडली.

"आरं बाळ्या, खोडल्यालं म्हागारी येतं?"

"येतं की!"

"मग आमच्या गावाची वावरं लिव त्यात. पान्याखाली काय काय व्हतं ते पोरास्नी कळू दे. माझ्या माघारी कोन सांगनार?"

आणि बसली की सांगायला! चिंचाडी, खडकाळी, लांबवट, विहिरीची पट्टी... प्रत्येक वावराचं नाव घेतलं की कनवटीच्या पुरचुंडीतला एक हुलगा टेबलावर ठेवायची. मी लिहीत होतो. सतराव्याला अडली. दाणा ठेवला, पण नाव काही घेईना.

"ह्ये आमच्या ह्यांचं वावर. म्होरं चल."

"अगं नाव काय त्याचं?"

"त्येला लोकं ह्यांच्या नावानंच वळखायची."

"मग उखाण्यात घे की, आत्ये!"

"गप ए भाड्या! उखान्यात घ्यायचं ते पाळन्यातलं नाव. ह्ये गावानं ठिवल्यालं. म्या कंदी तोंडातनं काढलं न्हाई, आता म्हातारपनी काढू व्हय? मोकळी वळ ठिव. पर खोडू नगंस."

मी तिथे नुसत्या आडव्या रेघा टाकल्या. एकेचाळीस दाणे झाले, ते तिने पुन्हा पुरचुंडीत बांधले.

आणि मी काय केलं असेल? प्रिंट काढताना मधेच त्या रेघा घाण दिसतात म्हणून ओळ खोडून टाकली! फाइल सेव्ह केली, बंद केली, फ्लॉपी कपाटात. व्यवस्थितपणाचा किडा, दुसरं काय.

पुढच्या बाजाराला आत्या आली. अक्षर वाचता येत नव्हतं, पण तिने पुरचुंडी सोडली आणि कागदावर एकेका ओळीपुढे एकेक दाणा ठेवत गेली. कागद संपला. हातात एक हुलगा उरला.

"एक वावर कुटं गेलं रं?"

खरं ते सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने तो दाणा मुठीत मिटला.

"लग्न करून आले तवा पयलं पाऊल त्या वावरात पडलं व्हतं माजं. त्येच नेमकं खोडलंस?"

"आत्ये, परत टाकतो ना!"

"मग ते बटन दाब की. येतं म्हनला व्हतास."

"बंद केल्यावर नाही येत."

तो दाणा तिने माझ्या हातावर ठेवला. "ह्यो तुज्याकडं ठिव. वळ घातलीस की मला म्हागारी दे." हुलगा मी फ्लॉपीच्या डबीत टाकला. नुसत्या रेघा तर टाकायच्या होत्या, दोन मिनिटांचं काम! पण नवी बॅच आली, वायर बिघडली... आज करू, उद्या करू. आणि पौषात आत्या गेली. झोपेतच गेली, कुणाला त्रास नाही.

तेराव्याला मी वेड्यासारखा प्रत्येकाला विचारत होतो, आत्याच्या नवऱ्याच्या वावराला काय म्हणायचे? पाळण्यातलं नाव सगळ्यांना माहीत, गावाने ठेवलेलं कुणालाच नाही. जी म्हातारी माणसं सांगू शकली असती ती केव्हाच गेली होती. एक जण म्हणाला, "येडगावला तिची नणंद हाये, पर तिला आता मानूस वळखत न्हाई. इचारून काय उपेग न्हाई." म्हणजे ते नाव आत्याबरोबरच संपलं होतं आणि तिची मोकळी ओळसुद्धा मी शिल्लक ठेवली नव्हती. मी त्या दिवशी जेवलो नाही. मोठमोठ्याने रडलो, लाज कसली त्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला क्लास उघडला. एकटाच होतो. फ्लॉपी घातली, फाइल उघडली, दाणा कीबोर्डशेजारी ठेवला. चाळीस ओळी. कोपऱ्यात आकडा शून्य. रेघा टाकायला सतराव्या जागी गेलो आणि बोट सवयीने एफ-९ वर पडलं. काही होणार नाही हे मला माहीत होतं, तो प्रोग्रॅम माझाच की हो!

खालच्या ओळी एक घर खाली सरकल्या. मधे ओळ आली. रेघा नव्हत्या. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं — भिंगरीचं वावर.

पहिला विचार वायरीचा. स्क्रीनवरचा कचरा असणार. एफ-५ दाबलं. स्क्रीन काळी झाली, सगळ्या ओळी पुन्हा उमटल्या... आणि ती ओळ तिथेच. म्हणजे ती नुसती दिसत नव्हती, मेमरीत होती. पुन्हा दाबलं. पुन्हा तीच. आकडा मात्र शून्याचा शून्यच. घाबरलो का? खरं सांगू, नाही.

सेव्ह केलं, प्रिंट काढला आणि तडक येडगाव गाठलं. नणंदबाई, सरूबाई, खाटेवर पडून होत्या. मुलगा म्हणाला, "दादा, ती मला बी वळखत न्हाई." मी काही विचारलं नाही, नुसती एकेक ओळ वाचत गेलो. त्या आढ्याकडे बघत होत्या. सतरावी ओळ वाचली आणि म्हातारी बोळक्या तोंडाने हसली.

"भिंगरी... आमचा भाऊ. येका जागी बसंल तर शप्पत! सारं गाव भिंगरीच म्हनायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वयनीनं नाव घेतलं?"

"नाही."

"मग कुनी घेतलं?"

मी प्रिंट घडी करून खिशात ठेवला.

घरी येऊन प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला. शून्य असताना एफ-९ काहीच करू शकत नाही, आजही छातीठोकपणे सांगतो. जत्रेतल्या त्या खेळण्यावरून माझ्याच मनाने नाव जोडलं असेल? असेल बाबा. पण ते मी टाइप कधी केलं? फ्लॉपी माझ्या कपाटात, किल्ली माझ्याकडे. कुणाकडे उत्तर असेल तर जरूर सांगा. माझ्याकडे नाही.

तो उन्हाळा कडक गेला, धरणाचं पाणी खूप खाली उतरलं. सरूबाईंच्या मुलाने त्या वावराची जागा दाखवली, भेगाळलेला गाळ नुसता. मी हुलगा तिथे पुरला आणि म्हणालो, "हा घे तुझा दाणा, आत्ये. ओळ घातली. आणि तोंडातनं नाव काढलं नाहीस, ते शेवटपर्यंत नाहीसच!"