बारकीचे दोन फोटो

शी! आजही गुलाबाचा वास आला की मी नाक दाबून धरते. गुलाबाचा काही दोष नाही. त्या क्रीमला तसाच वास होता, आणि ते क्रीम माझ्या धाकट्या बहिणीच्या तोंडावर कितीतरी महिने थापलेलं मी रोज बघत होते.

तिला घरात सगळे बारकी म्हणतात. मी थोरली. इस्त्रीच्या दुकानात दिवसभर लोकांचे शर्ट दाबते, म्हणून माझं डोकंही कायम तापलेलं असतं असं आईचं म्हणणं. बारकी अगदी उलट. कंगवे, रिबिनी, मोजे, साबण, पावडरी विकणाऱ्या दुकानात ती काउंटरला उभी असते. एखादी बाई वीस रिबिनी उलगडून एकही न घेता निघून गेली, तरी ही बया हसत हसत त्या परत गुंडाळणार. "मी असते तर एक तिच्या गळ्याभोवतीच आवळली असती," मी म्हणायचे. त्यावर ती म्हणायची, "म्हणून तर तुला इस्त्री दिलीय, ताई. माणसं नाही दिली."

दिसायला चारचौघींसारखी. सावळी, कपाळावर दोन-चार पुटकुळ्या, हनुवटीवर कांजिण्यांचा एक जुना खड्डा. तोंड धुवायचं, पुसायचं, कामाला लागायचं. त्या तोंडाबद्दल तिची काही तक्रार नव्हती. तक्रार शिकवली ती क्रीमबाईनं.

ही क्रीमबाई म्हणजे कंपनीची एजंट. दुकानात माल टाकायला यायची. लांब नखं, मधाळ बोलणं. एक दिवस तिनं बारकीची हनुवटी धरली आणि बाजारात वांगं पारखावं तसा तिचा चेहरा उजेडात इकडून तिकडे फिरवला. गिऱ्हाइकांसमोर! "नाकीडोळी किती नीटस आहेस गं, रंग तेवढा दबलाय," म्हणाली. "ही डबी फुकट लाव. चेहरा खुलला की फोटो काढू, दुकानात लावू." मला हे ऐकूनच शिसारी आली. बारकी मात्र हरखली. तिचा फोटो काढावा असं आजवर कोणाला वाटलं होतं?

डबी पांढरी, झाकणावर हिरवं पान, खाली लिहिलेलं 'शुद्ध वनस्पतींचा अर्क'. कोणती वनस्पती, बरोबर आणखी काय काय, त्याबद्दल अवाक्षर नाही.

"आत काय आहे?" मी विचारलं.

"पान दिसत नाही का तुला?"

"पान काय, उद्या उंदराच्या औषधावरही काढतील."

पण महिन्याभरात बारकीचा चेहरा सोललेल्या अंड्यासारखा झाला. पुटकुळ्या गेल्या, रंग उजळला. शेजारच्या काकू जिन्यात अडवून विचारायला लागल्या. आई तर आल्यागेल्याला सांगत सुटली. गॅरेजच्या वरच्या खोलीत स्टुडिओ होता, तिथे फोटो निघाला. लांब वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली, ओठ मिटून हसलेली बारकी. फोटो झाल्या झाल्या क्रीमबाई म्हणाली, "आता लावायचं थांबव. त्वचेला जरा विश्रांती दे."

विश्रांती! आठवडाही गेला नाही आणि गाल लाल झाले. मग आग. साधं पाणी लागलं तरी बारकी कळवळायची. पिवळ्या तोंडाचे फोड उठले, त्यातून चिकट पाणी यायला लागलं. सकाळी उशीवर कोंड्यासारखी कातडी पडलेली असायची आणि अभ्रा गालाला चिकटून बसलेला. तो सोडवताना ती दात आवळायची. ते अभ्रे मी धुतलेत. त्यांनाही गुलाबाचाच वास. केस गालाला लागले की चटका बसे, म्हणून तिनं वेणी कापून टाकली, मानेपर्यंत. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली तिची.

क्रीमबाईला फोन केला तर म्हणाली, स्टुडिओत ये, बघते. तिथे तिनं काय बघितलं? पुन्हा फोटो काढला! म्हणे कंपनीच्या डॉक्टरांना दाखवायचाय. आणि हातात नवी डबी ठेवली. "तुझ्या अंगातली उष्णता बाहेर पडतेय. लाव, शांत होईल." लावलं आणि दोन दिवसांत शांत झालंही. बारकी तिच्या पाया पडायचीच बाकी राहिली होती. मग ते चक्र सुरू झालं. लावलं की गार, सोडलं की आग. पहिली डबी फुकट, पुढच्या सगळ्या पगारातून. हळूहळू गालांवर लाल शिरांचं जाळं दिसायला लागलं, वरच्या ओठावर लव आली. आणि तरी ही म्हणायची, "बंद केलं की होतंय ना ताई, म्हणजे क्रीम चांगलंच आहे."

शेवटी मीच तिला बखोटीला धरून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी भिंगातून चेहरा पाहिला, डबी तपासायला पाठवली. आम्ही परत गेलो तेव्हा त्यांनी डबीवरच्या पानावर बोट ठेवलं.

"पानाबिनाचं सोडा. यात स्टेरॉइड आहे. औषध म्हणून वाईट नाही, इसबावर आम्हीही देतो. पण थोडे दिवस, मोजकं, लक्ष ठेवून. चेहऱ्यावर रोज चोपडलं तर कातडी पातळ होत जाते. आणि थांबवलं की दाबून ठेवलेलं सगळं उसळून वर येतं."

"मग आता?" बारकीनं विचारलं.

"आता थांबवायचं. साधं, बिनवासाचं मलम देते. उन्हापासून जपायचं. जळेल, काही महिने जळेल. पण मध्येच ते क्रीम पुन्हा लावलं तर केलेलं सगळं पाण्यात. नीट व्हायचं असेल तर एवढं सोसावं लागेल."

बारकीनं मान हलवली. मला वाटलं, सोसेल पोरगी.

घर तिच्या पगारावर अर्धं चालतं, त्यामुळे तसल्या तोंडानं ती कामाला जात राहिली, ओढणी नाकापर्यंत ओढून. एक दिवस ती जेवणाचा डबा विसरली, म्हणून मी द्यायला गेले. दुकानात पाऊल टाकलं आणि काउंटरच्या मागे भिंतीवर ही दिसली. दोनदा. डावीकडे लाल, फोडांनी भरलेली, खाली लिहिलं होतं 'आधी'. उजवीकडे सोललेलं अंडं, खाली 'नंतर'. आणि वर मोठ्या अक्षरांत, 'फक्त तीन आठवड्यांत!'

मी बघतच राहिले. डावीकडे केस मानेपर्यंत. उजवीकडे हातभर वेणी!

"अहो मालक," मी म्हटलं, "तीन आठवड्यांत वेणीपण उगवते का तुमच्या क्रीमनं? आधीचा फोटो नंतरचा आहे आणि नंतरचा आधीचा. तुम्हाला लाज कशी वाटत नाही?"

मालक चिल्लर लावत होते, मान वर न करता म्हणाले, "वेणीकडे कोण बघतंय, बाई? आणि तिला सांगा, ओढणी नीट घे. गिऱ्हाइकाला चांगलं तोंड भिंतीवर दिसतंय तेवढं पुरे."

थुंकावंसं वाटलं मला त्या काउंटरवर. तेवढ्यात एक बाई आत आली, चष्मेवाली, चांगल्या घरची दिसणारी. तिनं पोस्टर वाचलं, मग बारकीचे डोळे निरखले. "ही तूच ना गं? खरंच एवढा फरक पडला?"

आणि आमच्या थंड बारकीनं ओढणी खाली ओढली.

"मीच. पण फोटो उलटे लावलेत. वेणी बघा ना. उजवीकडचा आधी काढलाय, क्रीम लावत होते तेव्हा. डावीकडचा सोडल्यावरचा. आणि आता मी अशी आहे."

"ई!" बाई मागे सरकली. "लागण होते का याची?"

"नाही होत. हात लावून बघा."

बाईनं एक बोट टेकवलं. बोटाला कातडीचा पापुद्रा चिकटून आला. तिनं ते बोट रुमालाला पुसलं, परत पुसलं, रुमालाची घडी उलटून आणखी एकदा पुसलं. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, एक तरी वाचली.

बाईनं पोस्टरकडे बघितलं, मग बारकीकडे.

"म्हणजे लावत होतीस तोवर छान होतं."

"हो, पण—"

"मग सोडलंस कशाला? आपण नाही बाई सोडणार. दोन डब्या दे."

बारकी जागची हलली नाही. मालकांनीच पुढे होऊन दोन डब्या पिशवीत घातल्या. मी त्या बाईला काय काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. ती पिशवी सांभाळत पायरी उतरून गेली, आणि मालकांनी मला पुन्हा दुकानात पाऊल ठेवायचं नाही असं बजावलं. मी म्हटलं, तुमच्या दुकानात पाय ठेवायला माझं खेटर अडलंय!

संध्याकाळी बारकी घरी आली तेव्हा माझा राग अजून उतरला नव्हता. "काय मूर्ख बाई गं ती! डोळ्यांनी बघितलं, हातानं चाचपलं, आणि तरी..."

"मूर्ख नको म्हणूस तिला," बारकी म्हणाली. "रोज तोंड धुताना मीही हेच म्हणते मनात. सोडलंच कशाला?"

मग तिनं कपाटात हात घातला, स्वेटरच्या घडीतून एक डबी काढली आणि माझ्यासमोर धरली. झाकण उघडलेलं. आतल्या गुळगुळीत गुलाबी लोण्यात एका बोटाचा खळगा.

"कधी?" मी विचारलं.

"काल. लावलं नाही. बोटावर घेतलं आणि पुसून टाकलं. पण उद्याचं मला सांगता येत नाही, ताई. तूच टाक हे. माझ्या हातून नाही होणार."

मोरीत मी डबी उपडी धरली तर ते पडेचना. चमच्यानं काढलं तर चमच्याला चिकटलं. शेवटी बोटांनी खरवडलं. ते तुपकट, गार, गोड वासाचं घाणेरडं काहीतरी माझ्या नखांत शिरलं आणि मला उमासा आला. पाण्यानं हलेना, तिथेच थरथरत बसलं. वरून कढत पाणी ओतलं तेव्हा कुठे ते पातळ होऊन खाली गेलं. बारकी सगळा वेळ भिंतीकडे तोंड करून उभी होती, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.

"संपलं?" तिनं विचारलं.

"संपलं."

ती वळली. गाल लालबुंद, डोळ्यांतलं पाणी त्यावरून ओघळत होतं आणि ते पाणीही तिला झोंबत होतं. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं आणि साबण पुढे केला.

"नीट धू गं हात," ती म्हणाली. "तुझी कातडी अजून चांगली आहे."