बाळकुमची खोकणारी मोटार

तो प्रकार अजून जसाच्या तसा आठवतो. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी ठाण्यात नवाच फौजदार म्हणून आलेलो आणि मोटारींचं भयंकर वेड. सुट्टीच्या दिवशी खात्याच्या गॅरेजमध्ये हात काळे करून घ्यायचो. नावं कुणाचीच सांगत नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठाण्याजवळच्या बाळकुमचे एक मिठागरवाले शेठ चौकीत आले. आपल्याच ड्रायव्हरला दंडाला धरून आणलेलं.

"याला आत टाका सायब. यानं माझी गाडी मारली."

त्या सकाळी कचेरीत एका मिठागराच्या ठेक्याचा लिलाव होता आणि शेठची जुनी विलायती मोटार सुरूच झाली नाही. बैलगाडी जुंपून ते पोचले तोवर ठेका दुसऱ्या एका शेठला गेलेला. यांचं म्हणणं, ड्रायव्हर त्याला फितूर झाला.

संध्याकाळी टेंभी नाक्यावरच्या आमच्या खबऱ्यानं भर घातली. "साहेब, काल हा त्या दुसऱ्या शेठच्या पेढीवर होता. मी स्वतः बघितला."

आता काय उरलं? मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि ड्रायव्हरला समोर बसवलं.

"काल तिकडे कशाला गेलेलास?"

"सोनं द्यायला. आधी त्यांच्याकडं कामाला होतो. दसऱ्याला जुन्या धन्याच्या पाया पडायचं नाय का?"

"गाडीला हात कुणी लावला?"

"मी पूजेसाठी बॉनेट उघडून दिलं नि घरी गेलो."

"नंतर?"

गप्प. आमचे जमादार म्हणाले, "साहेब, दोन लगावू का? लगेच बोलेल." मी नको म्हटलं. मला एक गोष्ट खटकत होती. खोटं बोलणारा माणूस पोलिसाला मागाल तेवढी नावं देतो, आणि हा एकही देत नव्हता. गुन्हा लागला तर लायसन जाईल आणि फितूर ड्रायव्हरला अख्ख्या ठाण्यात कुणी दारात उभं करणार नाही, हे काय त्याला कळत नव्हतं? तरी गप्प.

दुसऱ्या दिवशी जमादार, दोन पंच आणि ड्रायव्हर, सगळ्यांना घेऊन बाळकुमला गेलो. निम्मं गाव अंगणात जमलेलं.

बॉनेट उघडलं. पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत येत होतं. एक वायर प्लगवरून काढून लोखंडाजवळ धरली आणि जमादारांना हँडल मारायला सांगितलं. ठिणगी झकास निळी. म्हणजे पेट्रोल आहे, ठिणगी आहे, मग अडलंय कुठे? वायर परत लावून पुन्हा हँडल मारलं तर कार्बोरेटरमधून फट्ट करून आवाज आला आणि इंजिन गार.

"हिला पडसं झालंय साहेब," जमादार म्हणाले.

पडसं नव्हतं, वेळ चुकत होती. सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ दाबली जाते त्याच क्षणी ठिणगी पडायला हवी. भलत्या वेळी पडली की इंजिन असं उलटं खोकतं. आधी वाटलं, कुणीतरी ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर फिरवला. पण त्याच्या बोल्टावर जुनं ग्रीस आणि धूळ तशीच होती. मग वायरींकडे नीट बघितलं. त्या इंजिनात सिलिंडरांत ठिणगी पडायचा क्रम एक, तीन, चार, दोन, त्यामुळे वायरी एकमेकींवरून जायलाच पाहिजेत. इथे चारही शेजारी शेजारी, वेणी घालायला केस विंचरून ठेवावेत तशा. आणि प्रत्येक प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर कुंकवाचं बोट.

"शेठ, पूजा कोण करतं?"

"बायको करते. का?"

शेठाणी दारातच उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. "कोयत्याला, फावड्याला कुंकू लावलं, मग आतल्या यंत्रानं काय घोडं मारलं? वायरी काढून पुसल्या. गुंता बघवेना, म्हणून सरळ लावल्या." मग ड्रायव्हरकडे वळून म्हणाल्या, "तुला ठाव होतं ना रे? बोलला का नाय?"

"पूजा तुम्हीच करता, म्हणून वाटलं तुमचाच हात लागला असंल. तुमचं नाव चौकीत घेऊ, वयनी? शेठ घरात काय काय बोलले असते."

शेठ तोंड उघडणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मला काय बोलायचं ते बोला. आधी त्याला सोडा."

मी सांगितल्यावर ड्रायव्हरनं तीन वायरींच्या जागा बदलल्या. एका हँडलला इंजिन सुरू. शेठ खाली बघत म्हणाले, "चल, जेवून घे."

"जेवतो. आधी यांना सांगा," ड्रायव्हर अंगणाकडे बोट दाखवून म्हणाला. "फितूर म्हणून तुम्ही यांच्यासमोरच नेलं मला."

शेठला फार जड गेलं. पण वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "यो फितूर नाय. चूक माझी झाली." तक्रार मागे घेतल्याचा जबाब मी तिथेच लिहून घेतला.

गाडी बंद पडल्याचा फायदा कुणाचा, हे मला पहिल्याच दिवशी कळलेलं आणि त्याच्यामागे गेलो असतो तर एक निर्दोष माणूस आत गेला असता. पुढे नोकरीत असे गप्प बसणारे पुष्कळ भेटले. त्यांना मी 'कुणी केलं' असं विचारायचं सोडून दिलं. 'कुणासाठी गप्प आहेस' एवढंच विचारायचो. बरेच जण तिथेच रडायला लागायचे.