गोदाक्काचा हात

सिनेमात खलनायकाने हात जोडले की गोदाक्का खुर्चीतून उठायची. मग शेवट बघायला ती थांबत नसे. पडद्यावर तो दुष्ट माणूस रडत असायचा, नायिका त्याला उदार मनाने क्षमा करत असायची, आणि गोदाक्का लोकांच्या गुडघ्यांना ठेचकाळत, मोठ्याने बोलत दाराकडे निघालेली असायची. ‘माफीच करायची व्हती तर आमाला तीन तास बसवलं कशाला?’ हे तिचं ठरलेलं वाक्य. कोल्हापुरातल्या निम्म्या डोअरकीपरांना ते पाठ झालं होतं.

देवादिकांचे सिनेमे तिला चालत नसत. देव प्रकट होतो आणि पापी माणसाचा निकाल लावतो, हे तिला पटायचंच नाही. ‘देवाला येळ झाला की पिच्चर लांबतंय. बाईनं सवता उठावं की,’ असं ती म्हणायची. ज्या सिनेमात कुणीतरी कुणाच्या तरी सणसणीत थोबाडीत मारली आहे, तोच तिच्या लेखी चांगला सिनेमा. गाणी बरी होती का, नट कोण होता, हे तिला विचारण्यात अर्थ नव्हता.

आम्ही एकाच फिल्म कंपनीत कामाला होतो. मी रंगपटात, म्हणजे नटांची तोंडं रंगवायला, आणि ती शेजारच्या कपडेपटात. लुगड्यांना इस्त्री करणं, फाटलेलं शिवणं, शॉटच्या आधी नटीचा पदर टाचणीने नीट लावणं ही तिची कामं. उंच, काटक बाई. मला ती ‘भाऊ’ म्हणायची आणि माझ्या डब्यातली भाजी न विचारता खायची.

ती राधानगरीकडच्या एका गावात दिलेली. नवरा तरुणपणी गेला. मूलबाळ नव्हतं. भाताची मळणी चालू असताना ती खळ्यावर आपला वाटा मागायला गेली आणि धाकट्या दिराने, आबासाहेबाने, साऱ्या गड्यांसमोर तिच्या थोबाडीत दिली. वहिनी म्हणजे आईच्या जागी. पण त्या आईला त्याने नेसत्या लुगड्यानिशी गावाबाहेर काढलं. तिने हे मला एकदाच सांगितलं, तेही इस्त्रीतले निखारे फुंकता फुंकता. ‘शेत गेलं त्याचं काय वाटत न्हाय, भाऊ. चार माणसांत मारलं, ते चार माणसांतच फिटायला पायजे.’

ती संधी कंपनीनेच आणून दिली. नव्या बोलपटात एक माजलेला सावकार होता. नायिका भर गर्दीत त्याला थोबाडीत मारते, असा प्रसंग होता. दिग्दर्शक रोजच्या नटांना कंटाळला होता. त्याला खराखुरा, मिशीवाला, खेडेगावातला मातब्बर हवा होता. गोदाक्काने मॅनेजरला हळूच गाव सांगितलं, वाडा सांगितला, आणि आपलं नाव काढू नका असंही सांगितलं.

आबासाहेबाला आकाश ठेंगणं झालं. नवख्या माणसाला गोष्ट सांगायची नाही, जेवढं काम तेवढंच सांगायचं, अशी आमच्या कंपनीची रीतच होती. त्यामुळे आपण कुणीतरी बडी असामी झालो आहोत, एवढंच त्याला कळलं. त्याने कंपनीला घरच्या तांदळाचं पोतं पाठवलं आणि शूटिंग बघायला गावातली माणसं मोटार ठरवून आणली. जरीचा फेटा बांधून तो सेटवर आला तेव्हा गोदाक्का कपडेपटाच्या पडद्याआडून बघत होती. नटीच्या हातून का होईना, त्याला मार बसताना बघायचं, एवढाच तिचा बेत होता.

पण नटी होती मवाळ, नुकतीच पुण्याहून आलेली. थोबाडीत मारताना हात गालाजवळून न्यायचा, समोरच्याने मान फिरवायची आणि आवाज मागाहून भरायचा, अशी पद्धत. आबासाहेबाला मान फिरवणं जमेना आणि नटीला वडीलधाऱ्या माणसावर हात उगारवेना. दिग्दर्शक वैतागला. शेवटी म्हणाला, नटीची पाठ आणि हातच दाखवू, तिच्या जागी दुसरी कुणीतरी उंच बाई उभी करा आणि खरी मारू द्या. बाईचा हात तो काय लागणार, म्हणून आबासाहेबानेही मिशीत हसून मान डोलावली.

‘मी उभी ऱ्हाऊ का साहेब?’ गोदाक्का म्हणाली. इतक्या वर्षांत ती कॅमेऱ्यासमोर कधी आली नव्हती.

तिचा हात नटीच्या हातासारखा दिसावा म्हणून रंग लावायचं काम माझ्याकडे आलं. नायिका सवाष्ण होती, तेव्हा हिरव्या बांगड्याही भरायच्या होत्या. नवरा गेल्यापासून गोदाक्काच्या हातात बांगडी नव्हती. मी घुटमळलो, तशी ती म्हणाली, ‘भर की. माझ्या हातात न्हाईत त्या. कामाच्या हातात हाईत.’ मी एकेक बांगडी भरत गेलो.

ती जाऊन उभी राहिली. दिवे लागले. आबासाहेबाने मिशीला पीळ भरत मान वर केली आणि समोर कोण आहे ते त्याला दिसलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं, ओठ हलले. ‘तू?’ एवढंच त्याला म्हणता आलं. पुढच्या क्षणी जो आवाज झाला तो मागाहून भरावा लागला नाही. साऱ्या स्टुडिओने तो ऐकला, मागे उभ्या असलेल्या गावानेही ऐकला, आणि गावाने तिला ओळखलं.

दिग्दर्शक खुशीत ओरडला की असा चेहरा पट्टीच्या नटालासुद्धा साधत नाही. आबासाहेब गाल धरून उभा. रागावावं तर गावासमोर शोभा, निघून जावं तर सिनेमात काम केल्याचा तोरा जातो. तेवढ्यात गोदाक्का अदबीने म्हणाली, ‘साहेब, माझा पदर हलला वाटतं. अजून एकदा घ्यायचं का?’

दिग्दर्शक हो म्हणाला. मला त्या दिवशी झालेला आनंद मी लपवणार नाही. क्षमा हा वीरांचा धर्म वगैरे मीही शाळेत शिकलो होतो. पण असल्या गोष्टी बहुधा ज्याच्या गालाला काही झालेलं नसतं तोच शिकवतो.

बोलपट चालला. गोदाक्का तो पुन्हा पुन्हा बघायची, आळीतल्या बायकांना घेऊन जायची, आणि या एका सिनेमाला शेवटपर्यंत बसायची. मग तो जत्रेच्या तंबूतून खेडोपाडी फिरला आणि आबासाहेबाच्या गावातही गेला. तिकडच्या बातम्या आम्हाला कळत. तो रस्त्याने निघाला की पारावरची माणसं काही बोलत नसत, नुसता आपापला गाल चोळत बसत.

एके दिवशी तो कंपनीच्या फाटकाशी आला. आता जरीचा फेटा नव्हता. गोदाक्काने मला मुद्दाम शेजारी उभं केलं.

‘वैनी,’ तो खाली बघत म्हणाला, ‘तुमचा वाटा तुमच्या नावावर करतो. तेवढा तुकडा पिच्चरमधनं कापाय सांगा.’

मला वाटलं, ही हो म्हणेल. भाड्याच्या खोलीत राहणारी बाई, पुढे हातपाय थकल्यावर तिला कोण बघणार होतं?

‘शेत वर्सातनं एकदा पिकतंय, आबा,’ ती म्हणाली. ‘हे दिसाला तीन खेळ पिकतंय.’

तो गेल्यावर मी तिला वेड्यात काढलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘भात मी इकत आणून खाते की, भाऊ. हे कुठल्या दुकानात मिळतंय?’

काही वर्षांनी आबासाहेब गेल्याचा निरोप आला. गोदाक्काने डोक्यावरून पाणी घेतलं आणि रीतसर सुतक पाळलं. कपडेपटात आली नाही, कुणाला शिवली नाही. दिराचं सुतक लागतं, ते तिने चुकवलं नाही. सुतक फिटलं त्याच आठवड्यात तो जुना बोलपट कोल्हापुरातल्या एका थेटरात पुन्हा लागला होता. ती आम्हा नवराबायकोला घेऊन गेली. फिल्म आता झिजली होती, पडद्यावर रेघांचा पाऊस पडत होता. माझी बायको तिच्या शेजारी बसली होती आणि मी मागच्या रांगेत.

तो प्रसंग आला. आबासाहेबाने मिशीला पीळ भरला. माझ्या बायकोला राहवलं नाही. ती हळूच म्हणाली, ‘आक्का, माणूस गेला. आता तरी सोडा की.’

‘त्यो गावात मेलाय,’ पडद्यावरची नजर न काढता गोदाक्का म्हणाली. ‘हितं उभा हाय की.’

आणि पडद्यावर तिचा हात वर गेला.