ओसरीवरचे बटाटे

माझ्या सासूबाईंचा, आईंचा, सरकारवर विश्वास होता. आमच्या बेटावरच्या प्लेन मान्येन गावात तेव्हा ही गोष्ट दुर्मिळच होती.

त्यामागे कारणही होतं. सासरे गेले त्या वर्षी राजधानीतला, पोर्ट लुईचा दलाल लॉरी घेऊन आला होता. त्याने बटाटा हातात घेतला, नखाने खरवडला आणि मातीत टाकला. "माल पाणीदार आहे. द्यायचा तर द्या." दारात सुतक होतं, घासाघीस कोण करणार? पडेल त्या भावाने माल गेला. तो माणूस आई शेवटपर्यंत विसरल्या नाहीत.

मी लग्न होऊन आले त्यानंतर दोन-तीन वर्षांनी देवळाच्या अंगणात सरकारी मोटार आली. उतरलेला साहेब आपल्यातलाच, मराठी घरातला. तो क्रेओलमध्ये, इथल्या बाजारच्या बोलीत, बोलत होता. मराठी त्याला कळायची, पण जिभेवर येत नसे. तो म्हणाला, बटाट्यासाठी नवीन सरकारी मंडळ झालंय. बियाणं मंडळ देईल, भाव लागवडीआधीच जाहीर होईल आणि सगळा माल मंडळच उचलेल. दलालाला आता परवाना लागेल आणि तो सहज मिळणार नाही.

जमलेल्या बायकांमधून आई उठल्या आणि म्हणाल्या, "दलालाच्या तराजूला मेव्हणे-पाहुणे असतात. सरकारच्या तराजूला नातं नसतं. मी देणार."

पुढचे कितीतरी दिवस त्या घरोघर फिरल्या. शेजारच्या काकी तयार नव्हत्या. त्यांचा दलालाशी जुना घरोबा, अडीनडीला तो उपयोगी पडायचा. आईंनी त्यांचा हात धरून सांगितलं, "काही झालं तर मला विचार." शेवटी उसाच्या सरींमधून गावभर मंडळाचंच बियाणं लागलं.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. वादळाने उडालेलं स्वयंपाकघराचं छप्पर आम्ही पुन्हा घातलं, नव्या पत्र्याचं. काकींनी आईंना नारळ आणून दिला.

दुसऱ्या वर्षी पीक त्याहून जोरात आलं. पोती भरून ओसरीवर रचली आणि आम्ही लॉरीची वाट बघत बसलो. लॉरी येईना. ऊन तापू लागलं. खालच्या पोत्यांतून पाणी सुटलं, माश्या आल्या. दलालाकडे निरोप गेला, तर त्याचं उत्तर आलं : "परवाना नाही. रस्त्यात पोलिस अडवतील. मंडळालाच विचारा."

आई मला घेऊन बसने मंडळाच्या गोदामावर गेल्या. तोच साहेब होता. आईंनी मराठीत विचारलं, "लॉरी कधी पाठवता?"

तो क्रेओलमध्ये म्हणाला, "थांबावं लागेल, मामी. गोदाम भरलंय."

"कशानं?"

"बाहेरून जहाज आलंय बटाट्याचं. शहरात टंचाई होऊ नये म्हणून आधीच मागवलं होतं."

"टंचाई? आमच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नाही!"

"लोकांना स्वस्त मिळायला हवं. सरकारला सगळ्यांचं बघावं लागतं."

"सगळ्यांत आम्ही कोण?"

तो वाईट माणूस नव्हता. तोही कुणाच्या तरी हुकुमाचाच ताबेदार होता. पण मला तेव्हा त्याच्या इस्त्रीच्या शर्टाची चीड आली आणि ती अजून गेलेली नाही.

लॉरी आली तेव्हा वरची काही पोती चालली. बाकीची लॉरीवरच्या माणसांनी काठीने ढोसून बाजूला काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकींनी आपलं सडलेलं पोतं ओढत आणलं आणि आमच्या अंगणात उपडं केलं.

"तू म्हणाली होतीस, मला विचार. विचारते आता."

आईंनी कुदळ घेतली. उसाच्या कडेला आम्ही दोघींनी खड्डा खणला. आधी काकींचे बटाटे पुरले, मग आमचे. वासाने मला उलटी झाली. आईंनी पदर नाकाला लावला नाही. जणू त्यांना तो वास पुरता घ्यायचाच होता.

पुढच्या गणपतीला देवळातल्या पंगतीत त्यांच्या शेजारचं पान रिकामं राहिलं. वाढणाऱ्याने ते उचलून दुसरीकडे मांडलं. त्यानंतर त्या देवळात गेल्या की जेवायला थांबत नसत.

नंतर मंडळाला शहाणपण आलं. आमच्या काढणीच्या वेळी जहाजं येईनाशी झाली, लॉऱ्या वेळेवर येऊ लागल्या. गावाने पुन्हा बटाटा लावला. काकींची मुलं त्यावर वर आली, त्यांनी घर वाढवलं. त्या वर्षीच्या तोट्यातून आम्ही मात्र उठलो नाही, आमच्या सरीत गवतच राहिलं. माझ्या नवऱ्याने विमानतळावर सामान वाहायची नोकरी धरली. आई पुन्हा मजुरीवर गेल्या, कारखान्याच्या उसात, त्या वयात.

एकदा मी त्यांना म्हटलं, "आई, तुम्ही सांगितलं ते खोटं नव्हतं. आता बघा, चाललंय की नीट."

त्या पायातलं उसाचं कुसळ काढत होत्या. "नीट चाललंय, पण त्यांचं," म्हणाल्या. "शिकायला सरकारला कुणीतरी लागतं, बाय. ते आपण निघालो."