पाठमोऱ्या बाई

सीताबर्डीवरच्या आमच्या टायपिंग-शॉर्टहँड शिकवणाऱ्या कॉमर्स इन्स्टिट्यूटच्या बाई समोरच्याचं ऐकताना टेबलावर बोटांनी टाइप करत असत. कोणी खोटी सबब सांगू लागलं की ती बोटं थांबत, आणि सांगणाराही थांबे.

त्या वर्षी परीक्षा तोंडावर असताना शहरभर डोळ्यांची साथ आली. पालक म्हणाले, क्लास बंद ठेवा.

"बंद काहून ठेवू?" बाई म्हणाल्या. "न पाहता टाइप करालेच तर शिकवून राहिली मी!"

चांगल्या डोळ्यांच्या मुली सकाळी, लाल डोळ्यांच्या दुपारी, अशा दोन बॅचेस झाल्या. मधल्या वेळात बाई स्वतः प्रत्येक मशीन डेटॉलच्या फडक्याने पुसत.

मग त्यांचेच डोळे आले. आता क्लास बुडाला, असं आम्ही धरून चाललो. सकाळी पाहतो तर बाई काळा चष्मा लावून दाराबाहेर खुर्चीत, आमच्याकडे पाठ करून बसलेल्या. शॉर्टहँडचं डिक्टेशन द्यायला त्यांनी मला उभं केलं. कॉन्व्हेंटमध्ये शिकूनही चारचौघांत माझा आवाज फुटत नसे. दुसऱ्याच ओळीला मी अडखळले.

"काहून थांबली वं? तुझ्याकडं कोणी पाहून नाही राहिलं. साऱ्यांच्या माना वहीत आहेत, अन् मी तर भिंत पाहून राहिली."

मी पुन्हा वाचू लागले. खुर्चीच्या हातावर बाईंची बोटं चालत होती. उतारा संपला तरी ती थांबली नव्हती, म्हणून मी पुढचा घेतला.