बॉडी

ऑपरेशनच्या खोलीबाहेर आम्ही दोघी म्हाताऱ्या एकाच बाकावर बसलो होतो. दोघींचेही नवरे आत होते. दवाखान्यात आजाऱ्याला पेशंट म्हणतात. सकाळपासून तोच शब्द कानावर पडत होता, तोवर ठीक होतं, कारण पेशंट उठून घरी येऊ शकतो. पोरं तालमीत कमावतात ती बॉडी वेगळी. इथे बॉडी म्हटलं की माणूस संपला, एवढं इंग्रजी चौथी शिकलेल्या मलाही कळतं.

दार उघडून वॉर्डबॉय म्हणाला, "बॉडी ताब्यात कोण घेणार?"

"कोणाची रे?" मी विचारलं.

"नाव सिस्टरला ठाऊक."

सिस्टर बाहेर आली. "आजी, मालकांचं नाव सांगा."

आम्ही नवऱ्याचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. तरी मी उभी राहून ओरडले, "रघुनाथ!"

"तुमचे पेशंट शुद्धीवर आलेत," ती म्हणाली आणि शेजारणीकडे वळली. "तुमच्या मालकांचं?"

शेजारणीने पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"आम्ही नाव घेत नाही, बाई."

सिस्टर तशीच उभी राहिली. मीही शेजारणीला 'नाव घे' म्हणाले नाही.